तिखट नको

लताबाई फिरक्यांच्या भरितात लसूण आहे, हे मागच्या गल्लीतल्या जैन आजींना दुसऱ्याच घासाला कळलं आणि रविवारच्या दुपारी जळगावच्या पिंप्राळ्यात गहजब झाला. आजींनी ताट सारलं, सुनेनं फोन केला. तेवढ्यात समोरच्या घरातली कामिनी दारातूनच ओरडली, "काकू, आज भरिताला काही दमच नाही हो! लसूण घालायला विसरलात का?" तेव्हा कुठे लताबाईंच्या लक्षात आलं, की डबे बदलले.

हिवाळा लागला की लताबाई घरच्या घरी भरिताच्या ऑर्डरी घ्यायच्या. यावलकडची हिरवी, जाडजूड वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. चवीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती कोणाचं कोणाकडे गेलं याची. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या, लताबाई त्या भाकरी थापता थापता वाचायच्या आणि पिठाच्या हातानं फोन बाजूला ठेवायच्या. मग कोणाला मीठ कमी, कोणाला लसूण नको, हे सगळं एकमेकांत मिसळून जायचं.

"यापुढे ऑर्डरी माझ्याकडे," रतिलालांनी त्या दुपारी जाहीर केलं. "मी प्रोग्राम लिहितो."

रतिलाल फिरके पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर महिनाभर त्यांनी घरातल्या कपाटांना क्रमांक दिले, मग डब्यांना दिले, आणि ते लताबाईंच्या मसाल्याच्या डब्याकडे वळले तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं, नूतननं, त्यांना लॅपटॉप पाठवला आणि पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला लावलं. आईची सुटका व्हावी एवढाच तिचा हेतू होता. आपली सुटका कशी होणार, याचा विचार तिनं केला नव्हता.

"नूतन, एक शंका होती," असा फोन रोज यायचा.

"विचारा, पप्पा."

"ही लिस्ट शून्यापासून का मोजायची?"

"तशी पद्धतच आहे."

"म्हणजे पहिल्या माणसाचा नंबर शून्य?"

"हो."

"आणि शेवटच्याचा?"

"जेवढे आहेत, त्यापेक्षा एक कमी."

"अगं, अशी हजेरी मी मांडली असती, तर साहेबांनी मला मेमो दिला असता."

तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. मेसेजचे तुकडे कसे करायचे ते ते शिकले. स्वल्पविराम दिसला की तिथे वाक्य तोडायचं आणि तुकडे लिस्टमध्ये ठेवायचे. अडचण एवढीच होती, की पिंप्राळ्यात कोणी स्वल्पविराम देत नव्हतं. लोक 'लताबाई दोन किलो भरीत पाठवा लसूण जास्त मुलगा आलाय' असं एका दमात लिहायचे आणि रतिलालांचा प्रोग्राम तो अख्खा मेसेज ग्राहकाचं नाव म्हणून छापायचा. शेवटी त्यांनी ग्रुपवर सूचना टाकली : 'ऑर्डर देताना कृपया स्वल्पविरामाचा वापर करावा. हुकुमावरून.' पुढच्या आठवड्यात एकानं लिहिलं, 'लताबाई, दोन, किलो, भरीत, आणि, फिरकेसाहेबांना, नमस्कार,'. प्रोग्रामनं त्याच्या सात ऑर्डरी धरल्या.

हळूहळू जमत गेलं. अवघड भाग नूतननं लिहून दिले. प्रत्येक ऑर्डरीची चिठ्ठी निघू लागली, डब्यावर चिकटू लागली, आणि लागोपाठ दोन रविवार जैन आजींना बिनकांद्या-लसणाचंच भरीत मिळालं. लताबाईंनीसुद्धा मान्य केलं की यात काहीतरी आहे. त्यांनी मेसेज वाचणंच सोडून दिलं. चिठ्ठी येईल तसं त्या करू लागल्या.

या यशानं रतिलालांना हुरूप आला. लोक ऑर्डरीत 'तिखट' लिहितात आणि हौशी लोक 'तिखट तिखट' लिहितात, हे त्यांच्या नजरेनं टिपलं होतं. तेव्हा त्यांनी नूतनला न विचारता एक सोय केली. मेसेजमध्ये 'तिखट' हा शब्द किती वेळा आला ते प्रोग्रामनं मोजायचं. एकदा आला तर चिठ्ठीवर 'तिखट', दोनदा आला तर 'जास्त तिखट', तीनदा आला तर 'झणझणीत'. आणि त्याहून जास्त वेळा आला, तर 'खानदेश स्पेशल'.

त्यांनी ही सोय जुन्या सगळ्या मेसेजांवर चालवून बघितली. एकही चूक निघाली नाही. निघणार कशी? पिंप्राळ्यातल्या एकाही माणसानं आजवर 'तिखट नको' असं लिहिलेलं नव्हतं.

तशात धुळ्याहून अभिमन भदाणे यांचा फोन आला. मुलाचा साखरपुडा होता. मुलगा जळगावला नोकरीला, म्हणून हॉलही जळगावचाच. मुलगी सुरतची.

"भरीत तुमनंच पाहिजे, अक्का," अभिमनभाऊ लताबाईंना म्हणाले. "पण मी जरा सांगस ते ध्यानमा ठेवा..."

"थांबा, थांबा," लताबाई म्हणाल्या. "सांगू नका, मेसेज करा. आमच्याकडे आता कम्प्युटर आहे."

अभिमनभाऊंनी मेसेज केला. माणूस काळजी करणारा. त्यांनी लिहिलं : 'भदाणे धुळे, १८ किलो, तिखट नको, सुरतना पाव्हना शेतस, त्यासले तिखट चालत नई, जराबी तिखट टाकू नका, तिखट बिलकुल नई.'

प्रोग्रामनं मेसेज चाळला, 'तिखट' मोजलं आणि चिठ्ठी छापली : 'भदाणे, धुळे. १८ किलो. खानदेश स्पेशल.'

"हे काय आता नवीन?" लताबाईंनी विचारलं.

"चौथी पायरी," रतिलाल भारावून म्हणाले. "पहिल्यांदाच छापली गेली."

"साखरपुड्याला एवढं तिखट?"

"धुळ्याची माणसं. हौशी असतील."

त्या आठवड्यात पिंप्राळ्याच्या नेहमीच्या ऑर्डरी सात किलोच्या होत्या. भाजून वांगं आटतं, पण पात, शेंगदाणे, तेल पडून वजन भरून निघतं. म्हणून जितके किलो भरीत तितकीच वांगी, असा लताबाईंचा साधा हिशेब होता. आजवर लिस्ट एकच असायची. या वेळी धुळ्याची वेगळी झाली, म्हणून रतिलालांनी दोन्ही आकडे विचारून बेरीज करणारी एक ओळ स्वतः लिहिली. शेवटी प्रोग्रामनं वांगीवाल्या सुपडूभाऊंसाठी व्यवस्थित मेसेज तयार करून दिला. चष्मा कपाळावर होता. रतिलालांनी मेसेज उचलला आणि तसाच पाठवून दिला.

संध्याकाळी सुपडूभाऊंचा फोन आला. "रतिलालभो, मेसेज पोचला. आकडा बरोबर आहे ना?"

"सुपडूभाऊ, कम्प्युटरनं काढलेला आकडा आहे."

"नाही, जरा जास्त वाटू राह्यला म्हनून म्हनलं."

"साखरपुड्याची ऑर्डर आहे. जास्त असणारच."

"मंग ठीक आहे. माझ्या एकट्याच्या मळ्यात काही निंघनार नाही. भावाच्या मळ्यातून बी तोडतो."

"तोडा, तोडा," रतिलाल उदारपणे म्हणाले.

शनिवारी सकाळी गल्लीत हॉर्न वाजला. लताबाई दारात आल्या. नेहमी सुपडूभाऊ मोटरसायकलला पोतं बांधून यायचे. आज ते पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून आले होते आणि मागे पोत्यांवर पोती रचलेली होती.

"अक्का, कुठं उतरवू?"

"एवढी वांगी कोणाची?"

"तुमचीच! एकशे सत्त्याऐंशी किलो. भावाचा मळा पार मोकळा करून टाकला."

अंगण भरलं, ओसरी भरली. स्कूटर बाहेर रस्त्यावर काढावी लागली. कामिनी धावत आली आणि जिन्याच्या पायऱ्यांवर वांगी मांडू लागली. रतिलाल आत लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. पडद्यावर खरोखरच १८७ होतं.

लताबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "धुळ्याचे अठरा?"

"अठरा."

"आपले सात?"

"सात."

"पंचवीस होतात हो."

"मलाही पंचवीसच येतात."

"मग याला का नाही येत?"

"तेच बघतोय. मी परत विचारलं, तर परत तेच सांगतो."

सुपडूभाऊ दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा पडला. "परत नेऊ का?" त्यांनी विचारलं, पण आवाजात जीव नव्हता. भावाला त्यांनी मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, की जळगावला माझं गिऱ्हाईक किती मोठं आहे ते बघ. तोडलेलं वांगं काही झाडाला परत लागणार नव्हतं.

"राहू द्या," लताबाई म्हणाल्या. "चूक आमची आहे. बसा, चहा घ्या." मग नवऱ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या त्या प्रोग्रामला विचारा, वांग्यांचं काय काय करता येतं."

प्रोग्रामला ते येत नव्हतं. कामिनीला आलं. तिनं कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज सूर्य मावळताना मागच्या मोकळ्या प्लॉटवर भरीत पार्टी. वांगी फिरके काकांकडून. ज्यानं त्यानं भाकरी, तेल आणि आपापलं ताट आणावं.' खाली कोणीतरी स्वल्पविराम न देता एका दमात विचारलं, 'काका निवडणुकीला उभे राहताय का'.

रतिलालांचा सगळा शनिवार त्यातच गेला. काड्या आणा, विटा मांडा, शेजारच्यांच्या बडग्या गोळा करा. प्लॉटवर जाळ झाला, धूर थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. ज्यांनी कधी एकमेकांशी बोलणं ठेवलं नव्हतं ती माणसं एका जाळावर वांगी उलटवू लागली. सुपडूभाऊ जायला निघाले होते, ते भाजायची पद्धत चुकीची बघून परत फिरले आणि काठी घेऊन सगळ्यांना शिकवत बसले. त्या धुरात रतिलालांचा फोन वाजला. अभिमनभाऊ होते. आवाज खचलेला होता.

"भाऊ, पाव्हना कालदिनपासून धुळाले शेतस. पोरगीना बाप काही बोलतच नई. 'हा' नि 'बरं', बस. जेवस बी चिमणीगत. संबंध तुटतस का काय, मन्ही बाई रडाले लागनी."

"असं कसं तुटेल?"

"निदान उद्यानं जेवण त्यासना मनजोगतं व्हवाले पाहिजे. मी मेसेजमा लिखेल शे, तसंच ना?"

"अक्षरन् अक्षर," रतिलाल म्हणाले.

रविवारी पहाटेपासून लताबाई आणि कामिनी कामाला लागल्या. खानदेश स्पेशल आजवर कोणी केलेलं नव्हतं, म्हणून लताबाईंनी ते अंदाजानं ठरवलं. झणझणीतला मुठीनं मिरच्या लागायच्या, याला त्यांनी पाटीनं घेतल्या. लवंगी मिरची, वर तेवढाच लसूण. कामिनी नाकाला पदर बांधून ठेचा करत होती आणि दर चार घावांनी अंगणात जाऊन शिंकून येत होती. भरीत झालं तेव्हा त्याचा रंग बघूनच डोळे चुरचुरत होते. डबे भरले, चिठ्ठ्या चिकटवल्या. अभिमनभाऊंची गाडी आली आणि डबे घेऊन हॉलकडे गेली.

आता कुठे रतिलालांना सवड मिळाली. त्यांनी सगळा प्रोग्राम नूतनला पाठवला आणि फोन लावला.

"नूतन, एक शंका होती. अठरा आणि सात मिळून एकशे सत्त्याऐंशी कसे होतात?"

नूतन बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही टाइप करता ते सगळं त्याला अक्षरंच वाटतं. अठरा हा आकडा आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर तो अठराच्या शेजारी सात मांडून मोकळा होतो."

"म्हणजे त्यानं बेरीज केलीच नाही?"

"नाही. चिकटवलं."

"मग वर 'एकूण' असं कशाला लिहिलं?"

"ते तुम्हीच लिहायला सांगितलंय. बघा, सातव्या ओळीत." नूतन खाली खाली वाचत गेली आणि एकदम थांबली. "पप्पा, हे 'तिखट' मोजायचं काय आहे?"

"ती माझी सोय आहे," रतिलाल जरा ताठ झाले. "ज्याला जितकं हवं, तितकं."

"पण कोणी 'तिखट नको' असं लिहिलं तर?"

"तसं कोण लिहील?"

"लिहिलं तर, पप्पा?"

"अगं, पण जळगाव-धुळ्याकडचा माणूस..." असं म्हणता म्हणता त्यांनी फोन कानापासून काढला आणि अभिमनभाऊंचा मेसेज उघडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्यांनी स्वतः वाचला. एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"लता," ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले. "लता, त्या बिचाऱ्यानं चार वेळा हात जोडलेत गं. आणि आपण दर वेळेला मिरच्या वाढवल्या."

लताबाईंनी मेसेज वाचला. त्यांनी पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दह्याची अख्खी कॅन उचलली आणि त्या स्कूटरवर मागे बसल्या. "चला. पंगत बसायच्या आत दही कालवू. थोडं तरी निवेल."

"आणि बसली असली तर?"

"तर तुम्ही बोला. मी दही वाढते."

रतिलालांनी इतकी वर्षं सरकारी वेगानं चालवलेली स्कूटर त्या दिवशी रिक्षांच्या मधून काढली. वाटेत त्यांना सुरतेच्या पाहुण्यांची तोंडं दिसत होती. मोडलेला साखरपुडा दिसत होता. पुढच्या रविवारी पिंप्राळ्यात कोणी भरिताचं नाव काढणार नाही, हे दिसत होतं. "मी सांगेन, की प्रोग्रामची चूक आहे," ते वाऱ्यात ओरडले.

"प्रोग्राम कोणी लिहिला, ते विचारतील," मागून उत्तर आलं.

ते हॉलच्या दारात पोहोचले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि मुलीकडची पहिली पंगत बसली होती. दोघं दारातच थिजले.

अख्खी पंगत रडत होती.

मुलीचे वडील, प्रेमराजभाऊ, मध्यभागी बसले होते. अंगानं भरदार माणूस, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक लाल झालं होतं आणि ओठ थरथरत होते. त्यांच्या शेजारी काका हुंदके देत होते. पलीकडे मुलीची आई पदरानं डोळे टिपत होती, टिपून झालं की एक घास घेत होती आणि पुन्हा टिपत होती. नवरीमुलगी आईवडिलांकडे बघून रडायला लागली होती. तिचं मात्र खरं होतं. तिनं अजून भरिताला हात लावला नव्हता.

दाराशी मुलाची आई तानुबाई उभ्या होत्या. त्यांचाही पदर डोळ्यांना होता. "पोरगीसाठे कितला जीव तुटी राहिंना व माय," त्या लताबाईंना म्हणाल्या. ओळख ना पाळख, पण त्यांनी लताबाईंचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात अभिमनभाऊ आले. त्यांनी रतिलालांचे दोन्ही खांदे पकडले. "भाऊ, हाऊ माणूस माले दगड वाटे! आज पंगतमा बसना, एक घास लिधा, आनि ढसाढसा रडी राहिंना. मना हात धरी लिधा. बोलता बी ये नई त्याले."

"अभिमनभाऊ," रतिलाल म्हणाले, "मला एक कबूल करायचंय. ते भरीत..."

"भरीतनं मंग बोलू. आज मना जीव भांडामा पडना."

"तसं नाही, तुम्ही ते चाखलं का?"

"मी? माले डॉक्टरनी दही-भातबिगर काही खाऊ देल नई. पोटमा अल्सर शे ना." त्यांची नजर लताबाईंच्या हातातल्या कॅनकडे गेली. डोळे पुन्हा भरून आले. "अक्का, मनासाठे दही बी लयनात?"

लताबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि दह्याची कॅन अभिमनभाऊंच्या हातात दिली. "तुमच्यासाठीच," त्या म्हणाल्या. रतिलालांनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा त्यांच्या कोपराला सणसणीत चिमटा बसला.

मग मुलाकडची पंगत बसली. रतिलाल श्वास रोखून बघत राहिले. धुळ्याच्या माणसांनी भरीत घेतलं, भाकरी मोडली, खाल्लं. कोणी रडलं नाही. एकानं फक्त मागे वळून विचारलं, "हिरवी मिरची शे का तोंडी लावाले?"

रतिलाल हात धुवायच्या जागी गेले तेव्हा तिथे प्रेमराजभाऊ नळाखाली तोंड धरून उभे होते. त्यांनी रुमालानं चेहरा पुसला आणि विचारलं, "भरीतवाला तुम्हीच का?"

आता काही सुटका नव्हती. "मीच," रतिलाल म्हणाले. "माफ करा, प्रेमराजभाऊ. ते चुकून..."

"मी मूळ खानदेशना, पारोळाना शे," प्रेमराजभाऊ हळूच म्हणाले. "पोटसाठे सुरत गवू, तठेच राही गवू. तठे दाळमा साखर, भाजीमा साखर. पोरगीनं लगीन खानदेशमा जमनं, म्हणीसन आनंद व्हयना. म्हटलं, आते तरी तिखट भेटी." त्यांनी नाक ओढलं. "आनि आठे वनूत तं याहीनी, अभिमनभाऊनी, दोन दिन बठ्ठं फिकं खावाडं! वरण फिकं, भाजी फिकी, ठेचामा बी गूळ. माले वाटनं, पोरगी कसा घरमा दिधी मी? या लोके खातस तरी काय?"

रतिलालांनी वाहता नळ बंद केला.

"आज घास लिधा आनि मना बापना मळा आठवना," प्रेमराजभाऊ म्हणाले. "सवय मोडी गयी, म्हणीसन डोयामा पाणी वनं. पण थांबता ये ना." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि रतिलालांचा हात दाबला. "याहीले सांगू नका. त्यासनी आमनासाठे एवढं फिकं रांधं, त्यासले वाईट वाटी. पण लगीनले भरीत तुमनंच. असंच."

परत येताना स्कूटर पुन्हा सरकारी वेगानं चालत होती. लताबाई मागे बसून एकट्याच हसत होत्या. रतिलाल मात्र गंभीर होते. घरी जाऊन त्यांनी नूतनला फोन लावला आणि तिच्याकडून प्रोग्राम ओळ न् ओळ दुरुस्त करून घेतला. अठरा आणि सात यांचे पंचवीस झाले. 'तिखट' या शब्दाच्या पुढे 'नको', 'नई', 'चालत नई' आलं, तर चिठ्ठीवर 'फिकं' छापलं जाऊ लागलं. त्यांनी ते अनेकदा करून बघितलं. एकदाही चुकलं नाही. त्या रात्री ते समाधानानं झोपले.

लग्नाची तारीख ठरली आणि अभिमनभाऊंचा मेसेज आला. या खेपेला ऑर्डर कितीतरी मोठी होती. 'भदाणे धुळे,' त्यांनी लिहिलं होतं, 'मागला येळगतच फिकं भरीत पाहिजे, पाव्हनासले तेच आवडनं, तिखट नको, तिखट बिलकुल नई.'

प्रोग्रामनं चिठ्ठी छापली : 'भदाणे, धुळे. फिकं.'

लताबाईंनी चिठ्ठी वाचली आणि ती नवऱ्यासमोर धरली. "हे काय छापलंय? प्रेमराजभाऊ उपाशी उठतील मांडवातून."

"पण आता तो बरोबर आहे," रतिलाल कळवळून म्हणाले.

"बरोबर असून काय करायचंय? ते भरीत परत तसंच व्हायला हवं."

"मग तू कर की तिखट. चिठ्ठीकडे बघू नको."

"मी नाही बघणार. कामिनी बघेल. ती चिठ्ठीप्रमाणे ठेचा करते."

रतिलाल लॅपटॉपसमोर बसून राहिले. चिठ्ठीवर एक आणि डब्यात दुसरंच, हे त्यांच्या उभ्या नोकरीत कधी झालं नव्हतं आणि आताही ते त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी दुरुस्त केलेल्या ओळी वाचल्या, वरून खाली, खालून वर. एकीतही खोट सापडत नव्हती. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि पुण्याला फोन लावला.

"नूतन, एक शंका होती."

"विचारा, पप्पा."

"चूक बाहेर कशी काढायची, ते मला समजलं," रतिलाल म्हणाले. "आता ती परत आत कशी घालायची, तेवढं सांग."